सातवं गाणं आणि मी, एक लोड बॉक्स

मी एक जुना लोखंडी डबा आहे, मित्रांनो. मला लोड बॉक्स म्हणतात. हे नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. घड्याळाने किंवा छत्रीने आपली गोष्ट सांगितली तर शोभून दिसतं. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री वाटत नाही. पण न सांगता गंजून गेलो तर माझी चूकही माझ्यासोबत गंजेल, म्हणून धीर करतो.

माझा जन्म मेहकरच्या बाजारातला, महादेवरावांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला. अंग एका निकामी स्टॅबिलायझरचं. पोटात तारेचे जाड रेझिस्टर, म्हणजे वीज पिऊन तापणारी वेटोळी. टपावर हवा खेळावी म्हणून महादेवरावांनी स्वतःच्या हाताने पाडलेली बत्तीस भोकं. मला बनवून घेतलं ते जानेफळच्या संघपाल सरांनी.

सरांचे वडील गावोगावच्या कार्यक्रमांत गिटार वाजवत. त्यांच्या मागे त्यांचा ॲम्प घरात राहिला. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. हा जुन्या पद्धतीचा होता, व्हॉल्व्हचा. त्याच्यात काचेच्या नळ्या मंद पेटत. मात्र त्याचा खरा, किंचित खरखरीत गोड आवाज मोठ्याने लावल्याशिवाय निघत नसे. आणि मोठ्याने लावला की मांडणीवरची भांडी वाजत आणि सरांच्या आईचं, कलाबाईंचं गाणं त्यात बुडून जाई.

ते गाणं बुडू द्यायचं नव्हतं. कलाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. अकोल्याला ऑपरेशनची तारीख ठरली होती. आवाज पुन्हा तसाच येईल असं डॉक्टर सांगत नव्हते. कलाबाईंनी स्वतः रचलेली सात गाणी होती. त्या विहारात गात, पण ती कुठेच लिहिलेली नव्हती. ती त्यांच्याच आवाजात, नवऱ्याच्या ॲम्पवर स्वतः गिटारची साथ देऊन रेकॉर्ड करायची, एवढीच सरांची इच्छा होती.

माझं काम सोपं होतं. ॲम्प मोठ्या जोरात चालायचा आणि त्याचा सगळा जोर मी पोटात घ्यायचो. आवाजाची माझ्यात ऊब होई. त्यातला थोडासा मी स्पीकरला देई, कलाबाईंना ऐकू येण्यापुरता, आणि एक बारीक धागा कॉम्प्युटरकडे सोडत असे. मला सरांच्या हाती देताना महादेवराव म्हणाले होते,

"पाहा सर, व्हॉल्व्हचा ॲम्प म्हंजे उधळ्या बैल. त्याले ओढाले वजन लागते. वजन सुटलं तं तो सोताचाच पाय मोडून घेते. आवाज गेला की पयले बटन बंद. मंग काय शोधाचं ते शोधा."

"हाव, ध्यानात ठेवतो," सर म्हणाले.

पहिल्या दिवशी ॲम्पचा आवाज दहापैकी आठवर लावला, तरी भांडी हलली नाहीत. कलाबाई हसल्या.

"काय रे, ह्या डब्यानं तं त्याले गपच केलं! तुह्या बापाले हा भेटला असता, तं पंचफुला माह्यासंग दोन वर्स अबोल राह्यली नसती."

पंचफुलाबाई म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. त्या भिंतीपलीकडूनच ओरडल्या, "मी आयकून राह्यली बरं, कलाबाई!"

मित्रांनो, इतकं कौतुक मला नंतर कधी मिळालं नाही.

दिवस थंडीचे होते. दही लागत नव्हतं. एका दुपारी रेकॉर्डिंग चालू असताना कलाबाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "अगं माय, हा तं चुलीवानी ऊन हाय!" त्या दिवसापासून इरजण लावलेल्या दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, माझ्या टपावर बसू लागला. संध्याकाळपर्यंत दही सुरीने कापावं असं लागे. मला अभिमान वाटे. काही भोकं गंजाखाली झाकली जात, थोडं जड वाटे, पण मी सोसलं. आपण एकाच वेळी दोन कामांना येतो, हा माझा गर्व होता.

सहा गाणी झाली. सातवं राहिलं होतं. तीन दिवस कलाबाईंचा आवाज बसला होता. चौथ्या दिवशी तो अचानक मोकळा झाला. "बस, आत्ताच घे," त्या सरांना म्हणाल्या. घाईघाईत त्यांनी गंज माझ्यावर ठेवला आणि गारठा फार म्हणून माझ्यासकट त्याला गोधडीत गुंडाळलं. सरांची पाठ माझ्याकडे होती.

गाणं सुरू झालं.

"दिवा लावला दारात, वारा इचारे नाव,
नाव सांगते अक्षर, तेच आमचं गाव..."

दोन कडवी झाली. माझा श्वास कोंडला होता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. पोटात एक सांधा वितळला, तार सुटली आणि गिटार एकदम बंद पडली.

सरांना महादेवरावांचं बोलणं आठवलं असेलच. पण समोर आई डोळे मिटून गात होती, किती दिवसांनी तशी गात होती. तिला थांबवायचं कसं? त्यांनी बटन बंद केलं नाही. आवाज कमी पडला असेल असं समजून एका हाताने ॲम्प आणखी वाढवला. वजन सुटलेला बैल उधळला. जळका वास आला. नळ्यांत एक निळी चमक दिसली आणि त्या विझल्या.

कलाबाई शेवटच्या कडव्यापर्यंत एकट्याच गायल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "तू काऊन थांबला रे? मले वाटलं, तुले माह्यंच आयकाचं हाय."

"हाव माय," सर म्हणाले. "उद्या पुन्हा घेऊ."

दुसऱ्या दिवशी आवाज बसला तो बसलाच. सोमवारी त्या अकोल्याला गेल्या. गाठ निघाली, जीव वाचला. आता त्या कुजबुजल्यासारखं बोलतात.

महादेवरावांनी ॲम्प उघडून पाहिला. आतला ट्रान्सफॉर्मर जळला होता. "तार नव्यानं गुंडाळून देतो, पण तो आवाज तोच राह्यन असं नाई सांगत," ते म्हणाले. सरांनी अजून होकार दिलेला नाही. सातवं गाणं तसंच आहे. अर्ध्यापर्यंत दोघं, पुढे एकटी आई. त्यात नंतर गिटार भरता आली असती. सरांनी एकदा तारा जुळवल्या आणि गिटार परत खुंटीला लावली.

कुणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, जो मुकाट्याने भार सोसतो, त्याच्यावर आणखी काही ठेवण्याआधी एकदा पाहा, त्याला श्वास घ्यायला जागा आहे का. आणि आवाज बंद पडला तर जोर वाढवू नका. आधी थांबा, मग शोधा. मला एवढंच कळलं, तेही उशिरा.

मी आता स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. गेल्या थंडीत कलाबाईंनी सवयीने दह्याचा गंज माझ्यावर ठेवला. मग माझ्यावर तळवा टेकवला. मी गार होतो. त्यांचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी गंज उचलला आणि चुलीजवळ नेऊन ठेवला. भोकं मात्र त्यांनी पदराने पुसली, एकेक करून, सगळी बत्तीस.