गौरवग्रंथात पुरलेले संशोधन

आपल्याकडे कचेरीतला साहेब मोठा झाला की त्याला हार घालतात, आणि फारच मोठा झाला की त्याच्या नावाने गौरवग्रंथ काढतात. परभणीजवळच्या एका शेती संशोधन केंद्राचे प्रमुख व्यंकटराव यांच्या नोकरीला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा हेडक्लार्क माधवरावांनी अशाच ग्रंथाची टूम काढली. दुष्काळाचे मोठे वर्ष नुकतेच सरले होते. केंद्रातली रीत अशी की, ग्रंथ निघाला तर प्रत्येक संशोधकाने आपले उत्तमातले उत्तम काम त्यातच द्यायचे. आधी दुसरीकडे छापलेले चालत नसे. साहेबांच्या पायाशी वास घेतलेले फूल कोण वाहील?

नागनाथ हा तिथला तरुण संशोधक, पेडगावच्या बौद्ध वस्तीतून शिकून वर आलेला. आई लहानपणीच गेली. सुलाबाई मावशीने लोकांच्या रानात खुरपून त्याला शाळेत धाडले होते. नोकरी अजून कच्ची होती. त्या वर्षी तो कायम व्हायचा होता.

काम मात्र त्याने पक्के केले होते. पेरणीच्या ज्वारीला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याचे विषारी औषध चोळत, आणि बी ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग घालत. पेरणी उरकली की उरलेले बी मालक मजुरांना देऊन टाकत. बाया ते पाण्याने चोळचोळून धूत, रंग निघाला की विषही निघाले असे समजत आणि दळून भाकरी करत. नागनाथने असे धुतलेले दाणे तपासले. रंग पार गेला होता, विष बरेचसे जिथल्या तिथे होते! त्याने लेख लिहिला आणि एका नामांकित त्रैमासिकाकडे पाठवायचे ठरवले. ते डॉक्टरही वाचत आणि शेतीतली माणसेही.

माधवरावांना हे कळले तेव्हा ते खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"अहो नागनाथ, तिथं परीक्षक लेख पिंजून काढतात. वर्षभर तिष्ठत बसाल, आणि वर नापास केला म्हणजे? आपल्या ग्रंथाला परीक्षक नाही की फरीक्षक नाही. दिला की छापला!"

"पण तो ग्रंथ वाचणार कोण?"

"ज्यांनी वाचायचा ते वाचतील. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर सही कोणाची लागते, साहेबांची की त्या परीक्षकाची?"

नागनाथ लेख देऊन बसला. समारंभ झोकात झाला, ग्रंथाला सोनेरी अक्षरे लागली, नागनाथ कायम झाला. छापून आले म्हणजे जगाला कळले, अशी त्याने मनाची समजूत घातली. गावोगाव जाऊन सांगणे हे आपले काम नव्हे, असेही तो धरून चालला होता.

पुढच्या वर्षी रब्बीची पेरणी होऊन महिना-सव्वा महिना झाला असेल. पेडगावहून निरोप आला की मावशीला परभणीला डॉक्टर प्रमोदिनीबाईंच्या दवाखान्यात आणले आहे. नागनाथ सायकल काढून धावला. मावशी खाटेवर बसली होती. हातातला पेला थरथरून पाणी लुगड्यावर सांडत होते.

"आलास का रं नागू? व्हट बधिर झालेत बघ. चालाया गेलं की जिमीन हलायलीय."

"काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी सोबत आलेल्या मावशीच्या सुनेला विचारले.

सून कडूबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "भाकरच की बाई. औंदा नव्या मालकाच्या रानात पेरणीला गेलो होतो. त्यानं उरलेलं बी दिलं. लालभडक होतं. पर आमी सात पाण्यानं धुतलं बघा! पांढरं सफेत केलं. मंग दळलं. आत्याबाईनं लेकरायला जुनी ज्वारी राखली अन् हे सोता खाल्लं."

नागनाथ डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"धुऊन जात नाही ते!" तो जवळजवळ ओरडलाच. "रंग जातो, विष राहतं. पाऱ्याचं विष आहे, डॉक्टर. मी तपासलंय. मी ते छापलंसुद्धा आहे!"

"छापलंय?" प्रमोदिनीबाई चमकून वळल्या. "कधी? कुठे?"

"गेल्या वर्षी. आमच्या साहेबांच्या गौरवग्रंथात."

बाई खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

"गेल्या साली पाथरीकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं होतं माझ्याकडे. असेच थरथरणारे हात, अशीच झोकांडी. मी वात समजले. औषध दिलं आणि वर सांगितलं, अंगात ताकद नाही, पोटभर भाकरी खात जा!" त्यांनी कपाळाला हात लावला. "नागनाथ, मी त्यांना परत त्याच ज्वारीकडे पाठवलं हो! बायको पुढे वारल्याचं कळलं. मला कारण आज कळतंय."

अरेरे! एका डॉक्टरने आपल्या रोग्याला, चांगल्या मनाने, विष खायला सांगितले होते! आणि ते विष आहे हे लिहून ठेवणारा माणूस तिथून सायकलच्या अंतरावर टेबलाशी बसला होता.

"पण मी लिहिलं होतं... त्रैमासिकाकडे पाठवणार होतो, परीक्षकांच्या भीतीनं ग्रंथात दिलं," नागनाथ पुटपुटला.

"लिहिलंत, पण कोणासाठी?" बाई कडाडल्या. "ते त्रैमासिक मी दर खेपेला वाचते. त्यात असतं तर ती बाई माझ्या हातून गेली नसती. आणि परीक्षकाला भ्यालात ना? तो चुका काढतो, म्हणून तर आम्ही त्याच्या भरवशावर औषध देतो. जिथं कोणी तपासत नाही, तिथलं खरं आणि खोटं आम्ही ओळखायचं कसं? जिथं पोचायला हवं तिथं न पोचणारं ज्ञान विहिरीत टाकलेलंच म्हणायचं!"

उरलेली ज्वारी घरात ठेवू नका, मातीत खोल पुरा, असे बाईंनी कडूबाईला बजावले. नागनाथ तसाच कचेरीत आला आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरला. लेखाची प्रत त्याला डॉक्टरीणबाईंना द्यायची होती. साहेबांनी काचेच्या कपाटातून आपला ग्रंथ काढून दिला. नागनाथने तो उघडला. छापखान्यातून दुमडून आलेली पाने कडेला तशीच जोडलेली होती. साहेबांच्या फोटोची आणि गौरवपर भाषणांची तेवढी कापलेली, बाकी सारा ग्रंथ कोरा करकरीत!

"साहेब, तुम्हीसुद्धा वाचला नाहीत?"

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. नागनाथने सगळे सांगितले, पाथरीच्या बाईचेही.

"माझ्या कौतुकापायी माणूस गेलं की हो," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी स्वतः चाकूने ती पाने कापली आणि लेख उभ्यानेच वाचून काढला. "नव्यानं लिहा. योग्य जागी पाठवा." मग दारात आलेल्या हेडक्लार्ककडे वळून ते म्हणाले, "आणि माधवराव, ही रीत आजपासून बंद!"

लेख त्रैमासिकाकडे गेला आणि परीक्षकांनी तो प्रश्नांची माळ लावून परत पाठवला. भाकरी भाजल्यावर विष जाते का, हे का पाहिले नाही? नागनाथला आधी राग आला, मग लाज वाटली. प्रश्न रास्त होता. त्याने भाकऱ्या भाजून तपासल्या. भाजूनही विष जात नव्हते. ते जोडले तेव्हा लेख स्वीकारला गेला. तोवर तो स्वस्थ बसला नाही. पेडगाव, पिंगळी, पाथरीच्या बाजारात दवंडी दिली, शेतकऱ्यांच्या मासिकात सोप्या मराठीत लिहिले. लेख छापून आल्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांची विचारणा सुरू झाली.

मावशी घरी आली, पण हाताची थरथर काही गेली नाही. नागनाथने एके दिवशी तिच्यापुढे बसून सारे खरे सांगितले. तिने मान हलवत ऐकले.

"म्हंजी तुला ठावं होतं?"

"होतं, मावशे."

"मंग मला काहून सांगितलं न्हाईस रं, लेकरा?"

तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. नागनाथ तिचे थरथरणारे हात धरून रडला.

वाचकहो, आपले काम कुठे छापावे, हा प्रश्न मानाचा नाही की बढतीचाही नाही. ते तपासणारे कोण आहे, आणि त्याची गरज असलेल्या माणसाच्या हाती ते पडेल का, एवढे पाहून जागा निवडा. नाहीतर एक दिवस कुणीतरी भोळेपणाने मावशीचा हाच प्रश्न आपल्यालाही विचारील, आणि तेव्हा सोनेरी अक्षरांचा ग्रंथ दाखवून भागणार नाही.