कुंडीखालची जाळी

मी गटाराची जाळी बोलतेय. नाक मुरडू नका. भट्टीतून तावून सुलाखून निघालेय मी.

शिंप्याच्या घरात चार पायऱ्या उतरून खालची खोली लागते. तिच्या दाराशी मला बसवलं. वरून येणारं पाणी गिळायचं, एवढंच माझं काम. एकदा शिंप्याच्या बायकोचं कानातलंही गिळलं आणि त्यावरून महिनाभर बोलणी खाल्ली.

खोलीत शिंप्याचे वडील राहतात. पाय गेलेले, त्यामुळे दिवसभर खिडकीशी पलंगावर. गजांतून त्यांना दिसायची ती मीच. पाऊस पडला की म्हणायचे, आज पोटभर झालं का गं तुझं? असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं मला.

सूनबाईंना मात्र माझा वास खपेना. सासऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी माझ्यावर गोणपाट अंथरलं आणि वर भलीमोठी कुंडी ठेवली. तिला फुलं आली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक केलं आणि मला सगळे विसरले. म्हाताऱ्यांना माझी आठवण होती, पण सुनेनं मायेनं ठेवलेली कुंडी हलव असं कोणत्या तोंडानं सांगणार?

त्या दिवशी सकाळपासून फोनवर मुसळधार पावसाचे इशारे येत होते. दुपारी आभाळ कडाडलं आणि बघता बघता रस्त्याचा ओढा झाला. पाणी धो धो पायऱ्या उतरलं आणि दाराशी तुंबलं. दार बाहेर उघडणारं, पाण्यानं ते दाबून धरलं. शिंपी कंबरभर पाण्यात उभा राहून ओढत होता, पण दार जागचं हलेना. फटीतून आत गेलेलं पाणी पलंगाला टेकलं. मी तोंड बांधल्यासारखी खाली पडून होते. जीव नुसता तळमळत होता.

तेवढ्यात खिडकीतून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, कुंडी छान आहे हो. पण आधी ती हलवा."

सूनबाई पाण्यात उतरल्या, कुंडी लोटली, बुडी मारून गोणपाट ओढून काढलं. मी आ वासला आणि घटाघटा प्यायले. पाणी ओसरलं, दार उघडलं, शिंप्यानं वडिलांना पाठुंगळी घेऊन वर नेलं. तेव्हा कुठे मी हुश्श केलं.

आता खोली वाळलीय, म्हातारे खिडकीशी परतलेत. कुंडी वरच्या पायरीवर असते. सूनबाई माझ्यातला पाचोळा हातानं काढतात. तुमच्या दाराशीही माझी एखादी बहीण असेल. आभाळ भरून यायच्या आत तिच्या अंगावर काय ठेवलंय ते बघा.

परवा शेजारीण नाकाला पदर लावून म्हणाली, हिच्यावर काहीतरी झाका बाई. सूनबाई पाचोळा काढता काढता म्हणाल्या, "येऊ दे वास. खिडकीतून बाबांचा आवाजही येतोय ना."