गोठलेल्या तळ्यावरच्या खुणा

"साहेब, तुमच्या सिनेमात आवाज येतच नाही, तर मग माणसं तोंड कशाला हलवतात?"

हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि टूराने ती खानावळीच्या अंगणात, सगळ्या सिनेमावाल्यांसमोर जिंकली. डायरेक्टर रूसेनग्रेन हसले नाहीत. म्हणाले, "खरं बोललं की चेहरा खरा होतो. खोटा चेहरा कॅमेऱ्याला लगेच कळतो."

टूरा हवेतच घरी निघाली. तिच्या स्कीचा पट्टा तुटला होता, म्हणून शेजारच्या एलोफआजोबांची जोडी ती मागून घेऊन आली होती. जुन्या चालीची जोडी ती, एक फळी लांब, दुसरी आखूड नि रुंद, खाली कातडं लावलेली. गावात तशी आता एकट्या त्यांच्याकडेच. अंधारून आलं होतं, रस्त्याने वळसा कोण घालणार? गोठलेल्या तळ्यावरून ती सरळ सुसाट गेली.

त्या तळ्यावरच्या कोऱ्या बर्फासाठीच तर ती सगळी मंडळी इतके दिवस थांबली होती, हे तिच्या डोक्यात शिरलं सकाळी. रूसेनग्रेनना कापसाचा बर्फ चालत नसे. सिनेमातली चारशे वर्षांपूर्वीची अंत्ययात्रा न तुडवलेल्या, खऱ्या बर्फावरूनच जायला हवी होती. आणि आता मधोमध दोन खुणा, एक बारीक, एक रुंद. कुणाच्या, हे गावात विचारावंच लागलं नाही.

एलोफआजोबांनी खुणांकडे पाहिलं, मग गर्दीतल्या टूराकडे.

"माझ्याच," ते म्हणाले. "म्हातारा झालो. विसरलो."

अंत्ययात्रेत सगळ्यात पुढे त्यांचाच चेहरा असणार होता. रूसेनग्रेननी गावभर हिंडून तो निवडला होता, आणि आजोबा तेव्हापासून दाढीला हात लावू देत नव्हते. आता त्यांना घरी जायला सांगितलं. त्यांच्या जागी लोहार चालणार होता. टूरा गर्दीत मागे सरकली. खानावळीत एवढी चुरूचुरू बोलणारी जीभ नेमकी आत्ताच कुठे गेली?

संध्याकाळी ती वाटाण्याच्या सूपात नुसता चमचा फिरवत होती. एलोफ आता थकला, असं बाबा आईला सांगत होते. आयुष्य बर्फात काढलं आणि एवढं भान राहिलं नाही. आईने टूराकडे पाहिलं. टूराने मान खाली घातली, जणू समोर कॅमेराच लावला होता. खिडकीबाहेर पुन्हा बर्फ पडू लागला होता. उद्या तळं कोरं होणार, शूटिंग होणार, आणि पुढे लोहार असणार.

तिने चमचा ठेवला.

"बाबा, त्या खुणा माझ्या होत्या. उद्या उजाडताच मी एलोफआजोबांना घेऊन तळ्यावर जाणार, आणि सगळ्यांसमोर सांगणार. ओरडायचं ते आत्ताच ओरडा, सकाळी मला वेळ नाही."