पाहुण्यासाठी फुफू

कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी उकडून उखळाशेजारी ठेवून पोकुआबाईंनी मुसळ धुतलं. सुनेच्या खोलीचं दार अजून बंदच होतं.

"ऊन कललं, तरी राणीसाहेबांची पहाट झाली नाही का?" ओसरीवरून त्यांचे थोरले भाऊ म्हणाले. घानातल्या कुमासी शहरात बहिणीकडे ते वर्षाकाठी एकदा यायचे, आणि तिच्या घरी कुटलेला फुफूचा मऊ गोळा खाल्ल्याशिवाय हलायचे नाहीत.

"दवाखान्यातून रात्रपाळी करून आलीय, दादा."

"आपल्या आईनं कधी दिवसा पाठ टेकलेली पाहिलीस?"

मुसळ आता पोकुआबाईंना पेलत नसे. त्या बसून गोळा फिरवत, घाव सुनेचे. थोरल्या भावाला विकतचा घास वाढला, तर तो गावाकडे वर्षभर तेच सांगत बसणार. त्या उठल्या.

खोलीत मलमाचा झणझणीत वास कोंडला होता. आफ्रिये कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजली होती. कमरेला कापड बांधलेलं, बाळंतिणीला बांधतात तसं गच्च. घरात कामं करताना तिनं ते कधी दिसू दिलं नव्हतं.

पोकुआबाई खाटेच्या कडेवर टेकल्या, तिच्या खांद्याला हात लावला.

"आफ्रिये, ऊठ गं."

ती उठून बसली. डोळे मिटलेलेच. एक हात तिनं सासूच्या पाठीमागे घातला, दुसरा गुडघ्यांखाली.

"घाबरू नका, आजी. भार माझ्यावर टाका. मी धरलंय तुम्हाला."

पोकुआबाईंना काही कळायच्या आत त्यांचे पाय खाटेवर आले, डोकं उशीवर टेकलं. उचलताना आफ्रियेच्या तोंडून एक कण्हणं निघालं, पण तिनं ते ओठांतच दाबलं. झोपेतसुद्धा, जणू आजारी माणसाच्या कानी पडू नये. मग पांघरूण सासूच्या गळ्यापर्यंत ओढून ती तिथंच कलंडली.

पोकुआबाई हलल्या नाहीत. आई गेल्यापासून त्यांना कुणी असं निजवलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. दार अलगद ओढून घेतलं आणि मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून मक्याचं केंके आणते, दादा."

"विकतचं? घरात सून असताना?"

"ती कामावर आहे."

"अगं, चपला तर दारात दिसतायत तिच्या!"

"कामावर आहे म्हटलं ना," पोकुआबाई कुजबुजल्या. "हळू बोल जरा."