पिवळ्या बल्बखालचा आवाज

मी ॲम्प बोलतोय. गिटारचा, जुन्या व्हॉल्व्हचा, उचलताना दोन माणसांना घाम फोडणारा. बोलायची हौस नव्हती. पण माझ्या तोंडावरच्या पाच बटणांची पूजा करणारी माणसं बघून बघून विटलो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते सोडा. ओलोंगापो बंदरात एका अमेरिकन खलाशाने मला विकून टाकलं आणि मी इसागानीच्या हाती पडलो. त्र्याहत्तर साली एका बारमध्ये त्याने माझ्यातून एक सोलो वाजवला. तिथेच त्याचं रेकॉर्डिंग झालं, तबकडी निघाली. दाट, घोगरा, रडून झाल्यावर बोलणाऱ्या माणसासारखा आवाज. गाव अजून त्यामागे वेडं आहे.

पुढे मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी टाकलं, अंगावर तांदळाची पोती रचली. तेही सोसलं. हल्लीचे जाणकार मात्र सोसवत नाहीत.

इसागानीला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. डावा हात तेवढा हलतो. त्याची मुलगी लिगाया हिने ठरवलं, गावच्या जत्रेच्या, फिएस्ताच्या संध्याकाळी तोच सोलो, त्याच आवाजात बापाला ऐकवायचा. रोज वाजवते, रोज धसकून त्याच्याकडे बघते. काठी एकदा आपटली तर हो, दोनदा आपटली तर नाही. चार महिने दोनदाच आपटतेय.

मग आला शेजारचा रोमेल. तबकडीच्या पाकिटावरचा माझा फोटो भिंगातून बघतो.

"ट्रेबल सातवर ठेव. सांगतो ना!"

"कुया, काल सहा म्हणालास." कुया म्हणजे दादा.

"काल चष्मा नव्हता गं!"

त्या फोटोत मी बंद होतो. फोटोवाल्याने बटणं पुसून हवी तशी फिरवली होती. शहाण्यांना कोण सांगणार?

काठी, दोनदा. मग इसागानी छताकडे बोट करतो.

"देवाला हाक मारतोय बिचारा," म्हणत रोमेल छातीवर क्रूस काढतो. गाढव!

फिएस्ताच्या दुपारी गल्लीतल्या घराघरांत भाताचे विजेचे कुकर, पंखे, गाण्याची यंत्रं एकदम लागली. डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला. मला पोटभर वीज मिळेना. आणि तोच घोगरा आवाज निघाला! लिगाया एवढी दचकली की बोटंच थांबली.

"ताताय?" तिने बापाकडे बघितलं.

काठी आपटली. एकदाच.

त्र्याहत्तरमध्येही तसंच होतं. जहाजं लागली की सगळ्या बारच्या विजेच्या पाट्या एकदम पेटायच्या आणि मी उपाशी मरायचो. याला म्हणे सुवर्णकाळ!

इसागानीने पुन्हा बोट वर केलं. या वेळी लिगायाने मान वर केली. बल्बकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरले. चार महिने तो हेच सांगत होता. रोमेल मात्र बटणांचे आकडे वहीत उतरवत होता.

ती धावतच समोरच्या मावशीच्या दारात गेली. "आलिंग पुरिंग, संध्याकाळी मी वाजवायला लागले की कुकर लावाल?"

"अगं, भात कधीच झालाय!"

"परत लावा! इस्त्रीपण लावा!"

आता अंधारतंय. गल्लीभर कुकर भरून ठेवलेत, इसागानी पुढच्या खुर्चीत बसलाय. वाचकहो, एवढंच करा, माझ्या बटणांना हात लावू नका. मला उपाशी ठेवायचं ठरलंय, आणि जन्मात पहिल्यांदाच मी तयार आहे.