लाथ खाल्लेली कुंडी

मी एक जुनी लोखंडी कुंडी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. माझ्या पोटात राष्ट्राध्यक्षांची भाषणं जळाली आहेत.

भट्टीतून निघाले ती अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया गावी, ऑगस्टा क्रँडलबाईंच्या ओसरीवर आले. त्यांनी माझ्यात नेचे लावले. रोज मला फडक्यानं पुसत. मी सुखात होते आणि कंटाळलेही होते.

त्यांच्या सुनेला, हेटीला, मताचा हक्क हवा होता. देशातल्या लाखो बायकांना तो नव्हता. राष्ट्राध्यक्ष मात्र युरोपात जाऊन स्वातंत्र्यावर बोलत होते! एका हिवाळ्यात हेटीनं नेचे उपटले, मला दूधवाल्याच्या गाडीत घातलं आणि नदीपलीकडे थेट व्हाइट हाउससमोर नेऊन ठेवलं. पेपरात नवं भाषण आलं की बायका ते मोठ्यानं वाचत आणि माझ्यातल्या आगीत टाकत.

"बाई, घरी जा. नवरा उपाशी असेल," हवालदार म्हणाला.

"त्याला मत देता येतं ना? मग अंडंही उकडता येईल," हेटी म्हणाली.

तिला पकडून नेलं. हवालदारानं मला लाथ घातली. मी कलंडले, काठाचा टवका उडाला, निखारे बर्फात विझले. बाकीच्या बायका घाबरून उभ्या राहिल्या. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात ऑगस्टाबाई आल्या. सुनेची त्यांना लाज वाटे. त्या फक्त कुंडी न्यायला आल्या होत्या.

"ही कुणी फोडली?"

"मी. का?" हवालदार हसला.

"दुसऱ्याच्या वस्तूला लाथ? आईनं हेच शिकवलं का रे तुला?"

त्यांनी मला उभं केलं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं कोटाखाली रॉकेलात भिजवलेलं लाकूड लपवलं होतं. "बघतेस काय? दे इकडे!" म्हणत ऑगस्टाबाईंनी ते घेतलं आणि स्वतः काडी ओढली.

"चल, ने आता मलाही. सुनेशी बोलायचंच आहे मला."

त्यांनाही नेलं. मग तिसरी पुढे आली, चौथी आली. मी पुन्हा विझले नाही.

पुढच्या वर्षी कायदा झाला. सासूसुनेनं मत दिलं, तेही वेगवेगळ्या माणसांना, आणि त्यावरून आठवडाभर भांडल्या. गावातल्या कित्येक काळ्या बायकांना मात्र मतदान केंद्राच्या दारातूनच परत पाठवलं. त्यांची लढाई आणखी कितीतरी वर्षं चालली.

आता मी संग्रहालयाच्या अंगणात आहे. माझा टवका बुजवून, रंग देऊन मला नवं करायचं चाललंय. खबरदार! तो टवका माझा आहे. मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा मत द्यायला आळस करू नका. आणि मला पुन्हा कुणी लाथ घातली, तर नुसते बघत राहू नका. मला उभं करा आणि लाकूड आणा.