नाव झाकलेली कंपनी

आमच्या कॉलेजच्या संचालकांनी केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात मारणार.

"मॅडम, आज तुमच्या तासाला आपले कारखानदार बसणार आहेत. देणगीवर सही दुपारी. तेवढी आज शिकवायची केस बदला."

"कोणती?" माहीत होतं, तरी विचारलं.

"त्यांच्या कंपनीची. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत."

"अजून खाल्लंय कुठं, सर? पान मांडलंय फक्त."

ते हसले नाहीत. देणगी आली नाही तर माझा विषय बंद, आणि विषय बंद म्हणजे मीही घरी, हे त्यांनी फार सभ्य शब्दांत सांगितलं. माहितीपत्रकात विषयाचं नाव 'सामाजिक परिणाम आणि शाश्वत वित्त' असं लांबलचक आहे. सरळ सांगायचं तर, पैसा वाढतोय तो कुणाच्या जिवावर, हे बघायला मी शिकवते. हा विषय सुरू व्हावा म्हणून मी इथे प्रत्येकाशी भांडले आहे, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बंद होणार म्हटल्यावर मी घाबरले. खोटं कशाला बोलू?

"निदान शेवटी नाव सांगू नका," संचालक म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझ्या वर्गात कंपनीचं नाव आधी झाकलेलं असतं. नाव दिसलं की पोरं नावालाच मार्क देतात. आधी आकडे वाचायचे, मग या कंपनीला आपले पैसे द्यायचे की नाही यावर हात वर करायचे, आणि मग मी नाव सांगते.

जिन्यातून नवऱ्याला फोन केला. तो शाळेत गणित शिकवतो, घाबरट आहे, पण माझा आहे. म्हणाला, "एक दिवस तोंडाला कुलूप घाल ना गं."

"आणि किल्ली?"

"गिळून टाक."

कारखानदार मागच्या बाकावर ऐसपैस बसले. संचालक दारात उभे. मी कागद वाटले, एक कारखानदारांनाही दिला. नदीत सोडलं जाणारं सांडपाणी स्वच्छ करू म्हणून या कंपनीनं रोखे काढून लोकांकडून पैसे घेतले. अहवालात झाडं लावतानाचे फोटोच फोटो, आणि सांडपाण्याचा तक्ता पार शेवटी, मुंगीच्या अक्षरात. शुद्धीकरणाचं यंत्र आलंच नाही. पैशातून कार्यालय आणि पुढची बाग मात्र झकास झाली होती. सगळं त्यांच्याच छापील अहवालातलं, माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

"द्यायचे पैसे? नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. मागच्या बाकावरचाही गेला! वर ते उठून उभेच राहिले. "असल्या लबाडांना मी दारातसुद्धा उभं करणार नाही!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. बहुधा स्वतःच्या अहवालात स्वतःच्या फोटोपुढचं पान त्यांनी कधी उलटलंच नसावं. दारात संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते माझ्याकडे बघून 'नको, नको' अशी जोरजोरात मान हलवू लागले.

पहिल्या बाकावर आमची वकिलीण बसते. खरी वकील नव्हे. प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. ती म्हणाली, "मॅडम, नाव?"

एक क्षण मला वाटलं, गप्प बसावं. टाळ्या झाल्यात, सही होईल, विषय वाचेल. पण कशाचा विषय वाचेल? नाव न घ्यायला शिकवायचा? त्यासाठी माझी गरज नाही, ते पोरांना घरी-दारी सगळेच शिकवतात.

मी नाव सांगितलं. मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असं.

कारखानदारांनी कागद पुन्हा वाचला, आता शेवटापर्यंत. त्यांचे कान लाल झाले.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"हो. फसवू नका, हे पोरांना मुद्दामच शिकवावं लागतं. तुम्ही बसा ना. यंत्र का आलं नाही ते सांगा, आम्ही सगळे ऐकू."

ते बसले नाहीत. कागदाचा बोळा करून तरातरा निघाले. संचालक दोन पावलं त्यांच्यामागे धावले, मग परत फिरले आणि वर्गासमोरच ओरडले, "उद्यापासून हा विषय बंद! ऐकलंत?"

"ऐकलं, सर. दार ओढून घ्या."

दार आपटलं. मी टेबलाला टेकले. इतका संताप आणि इतका हलकेपणा एकाच वेळी मला कधी वाटला नव्हता. पोरं वह्या मिटायला लागली. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं : या कंपनीनं काय केलं, तर तुम्ही तिला पैसे द्याल?

"मॅडम," वकिलीण हळूच म्हणाली, "विषय तर बंद झाला ना?"

"उद्यापासून," मी म्हटलं. "आज तास आहे. वह्या उघडा."